गोथा बॉम्बरचं किट घेतलं, बनवलं, आता सांगतो कसं आहे

आधी निकाल सांगून टाकतो म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल. किट चांगलं आहे, घ्या. पण आयुष्यातलं पहिलंच मॉडेल बनवत असाल तर हे घेऊ नका, आधी एखादं एका पंखाचं साधं विमान करा, हात बसू द्या आणि मग याच्याकडे या. मला याआधीची सात-आठ मॉडेलं बनवायचा अनुभव होता तरी जूनच्या पहिल्या आठवड्यात घेतलेलं हे किट गणपती बसायच्या आदल्या दिवशी पूर्ण झालं.

तर हे गोथा जी.४, जर्मनीचं पहिल्या महायुद्धातलं बॉम्बर, प्लास्टिकचं, स्केल १/७२ म्हणजे खऱ्या विमानाच्या बहात्तर पट लहान. नाशकात मेन रोडवरून भद्रकालीकडे जाताना आतल्या गल्लीत एक जुनं खेळण्यांचं दुकान आहे, समोर सगळं सायकली आणि बॅटबॉल लावलेलं असतं पण आत माळ्यावर किटांचे डबे असतात, तिथून घेतलं. साडेतीन हजार पडले. दुकानातले काका म्हणले भाऊ हे दोन वर्षांपासून पडून आहे, लोकांना हिटलरच्या काळातलं पाहिजे असतं, हे कोणी विचारत नाही. मी म्हणलं काका हे त्याच्या आधीचं आहे, १९१७ चं, लाकडाचं आणि कापडाचं. त्यांनी स्वतः सील उघडून सगळ्या फ्रेमा, म्हणजे सुटे भाग ज्यांना जोडलेले येतात त्या चौकटी, मोजून दाखवल्या, हे मला फार आवडलं, कारण ऑनलाइन मागवलेल्या एका किटात मागे एक आख्खी फ्रेम कमी निघाली होती आणि विकणाऱ्याने फोन उचलणं बंद केलं होतं. इथे तसं काही नाही. एक खांब तुटलेला निघाला तर काकांनी दोनशे रुपये कमी केले, खांब मी नंतर पिनेच्या तारेवर प्लास्टिक चढवून बनवला.

डबा उघडल्यावर पहिलं काय जाणवतं तर आकार. खऱ्या विमानाचा पंख २३.७ मीटर होता, म्हणजे या स्केलला जवळपास ३३ सेंटीमीटर, शाळेतली पट्टी सुद्धा कमी पडते. माझी मुलगी सहावीत आहे, ती म्हणली बाबा हे तर दोन मजली आहे. बरोबरच आहे, वरचा पंख खालचा पंख आणि मध्ये खांब, आणि दोन्ही इंजिनं या दोन मजल्यांच्या मध्ये बसवलेली, पंखे पुढे नाही तर मागच्या बाजूला, म्हणजे विमानाला ओढत नाहीत, ढकलतात.

आता थोडा इतिहास सांगतो, कारण तो माहीत नसेल तर हे मॉडेल नुसतं बेढब दिसतं. गोथा हे जर्मनीतलं गावाचं नाव, थुरिंगियामधलं, आणि विमान बनवणारी कंपनी होती गोथाएर वॅगनफाब्रिक, रेल्वेचे डबे बनवणारा कारखाना. म्हणजे आपल्या एकलहऱ्याच्या रेल्वे वर्कशॉपला कोणी सांगावं की आता बॉम्बर बनवा, तसं. पहिलं जी.१ हे १९१५ चं, ऑस्कर उर्सिनस नावाच्या माणसाच्या डोक्यातून आलेलं, त्यात विमानाचं धड चक्क वरच्या पंखाला चिकटवलेलं होतं आणि इंजिनं खाली एकमेकांच्या अगदी जवळ, का तर एक बंद पडलं तर विमान एका बाजूला ओढलं जाऊ नये. कल्पना चांगली पण ती पुढे चालली नाही. मग हान्स बुर्कहार्टने नव्याने आखणी केली, धड खाली आणलं, इंजिनं लांब केली, ते १९१६ चं जी.२. त्याला मर्सिडीजचं आठ सिलिंडरचं इंजिन होतं आणि त्याचा क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनातला मुख्य फिरता दांडा, तुटायचा. मग जी.३ मध्ये सहा सिलिंडरचं २६० हॉर्सपॉवरचं मर्सिडीज इंजिन आलं आणि तेच पुढे जी.४ ला.

हे मी वडिलांना वाचून दाखवत होतो. आमचे नाना ओझरला एचएएलमधून, म्हणजे विमानं बनवणाऱ्या सरकारी कारखान्यातून, रिटायर झालेत, तिथे १९६४ पासून मिगचं काम सुरू झालं, नाना नंतर लागले, शीटमेटलला होते, आयुष्य रिव्हेट मारण्यात गेलं. क्रँकशाफ्ट तुटायचा म्हणल्यावर त्यांनी पेपर बाजूला ठेवला आणि खुर्ची टेबलाकडे ओढली. तिथून पुढे हे किट आम्ही तिघांनी बनवलं असंच म्हणावं लागेल.

आता या किटमधली सगळ्यात भारी गोष्ट, जिच्या एकटीसाठी मी साडेतीन हजार दिले असते, ती म्हणजे शेपटीकडचा बोगदा. काय आहे, त्या काळात बॉम्बरवर हल्ला करणारा वैमानिक मागून आणि खालून यायचा, कारण मागच्या गनरला स्वतःच्याच विमानाच्या पोटाआड खालचं काही दिसायचं नाही आणि बंदूक तर तिकडे वळायचीच नाही. गोथावाल्यांनी काय केलं तर गनरच्या जागेपासून मागे धडाला वरून एक खाच ठेवली आणि पोटाकडे तिरका बोगदा काढला, म्हणजे गनर उभ्या जागेवरून बंदुकीचं तोंड खाली करून स्वतःच्या विमानाच्या आरपार गोळी मारू शकायचा. फोटोत बघितलं तर कळत नाही. किटमध्ये धडाचे दोन अर्धे भाग जोडायच्या आधी आत बोगद्याची एक वाकडी पट्टी बसवायची असते, ती बसवली आणि मुलीने मोबाईलचा टॉर्च वरून मारला तर उजेड खाली टेबलावर पडला. ती ओरडलीच, आजोबा बघा आरपार दिसतंय. नानांनी मॉडेल हातात घेऊन बराच वेळ तो उजेड इकडे तिकडे फिरवून बघितला, मग म्हणले ज्याने हे काढलं तो स्वतः बसला असेल त्या जागेवर, नाहीतर सुचत नाही.

ती पट्टी मात्र जशीच्या तशी बसत नाही हे लक्षात ठेवा, दोन्ही कडांनी अर्धा-अर्धा मिलिमीटर घासावी लागते, नाहीतर धड बंद होत नाही आणि तुम्ही जोर लावाल आणि शिवण उघडी राहील. माझी राहिली, पुट्टी भरून दोनदा पॉलिश पेपर मारला तेव्हा बसली. आणि इथे शिवण दिसून चालत नाही, कारण जी.४ चं धड पूर्ण प्लायवूडने मढवलेलं होतं, गुळगुळीत. पंख कापडाचे, धड प्लायवूडचं. नानांना प्लायवूडचं फार नवल वाटलं.

आतली बैठक पण नीट दिलीये. तीन माणसं. नाकात सगळ्यात पुढे जो बसतो तो बॉम्ब टाकणारा आणि रस्ता बघणारा, आणि तोच विमानाचा प्रमुख असायचा, पायलट नाही. पायलट त्याच्या मागे डाव्या बाजूला, आणि उजवीकडे एक चिंचोळी वाट सोडलेली ज्यातून पुढचा माणूस मागे गनरपर्यंत जाऊ शकतो. किटमध्ये ती वाट आहे, पण सीटबेल्ट नाहीत, डॅशबोर्डवर काही नाही, तो नुसता सपाट तुकडा आहे. वरून उघडं विमान असल्यामुळे हे दिसतं. मी सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीच्या कागदाचे बेल्ट कापले.

इंजिनांबद्दल. दोन इंजिनं, प्रत्येकाचे सहा सिलिंडर सुटे, छान कोरलेत, फक्त फ्लॅश, म्हणजे कडेला राहिलेलं जादा पातळ प्लास्टिक, भरपूर आहे, ब्लेडने सावकाश काढा. इंजिनाच्या खाली जो फुगीर डबा येतो त्यातच खऱ्या विमानात पेट्रोलच्या टाक्या होत्या. हे जोडताना नानांनी विचारलं की टाकी इंजिनाच्या खाली, मग आदळलं तर? तेच व्हायचं. उतरताना विमान आपटलं की टाकी फुटायची आणि पेट्रोल गरम इंजिनावर. म्हणून पुढच्या जी.५ मध्ये टाक्या तिथून काढून धडाच्या मध्यात नेल्या. आणि आपटणं काही क्वचित व्हायचं नाही, बॉम्ब टाकून पेट्रोल संपवून रिकामं झालेलं हे विमान उतरवायला फार अवघड होतं, आणि १९१७ च्या सप्टेंबरपासून तर रात्रीची मोहीम, अंधारात बेल्जियमच्या मैदानावर उतरायचं. इंग्लंडवरच्या मोहिमांत शत्रूने पाडली त्यापेक्षा जास्त गोथा अशा अपघातांत गेली. नंतरच्या मॉडेलांना नाकाखाली जादा चाकं द्यावी लागली ती याच्याचसाठी.

आता रिगिंग, म्हणजे तारा. लोक इथेच किट सोडून देतात. दोन पंखांच्या मध्ये तिरक्या ताणलेल्या तारा असतात, त्याच पंखांना धरून ठेवतात, आणि किटमध्ये त्या मिळत नाहीत, तुम्हीच लावायच्या. कोणी ताणलेलं प्लास्टिक वापरतं, कोणी लवचिक धागा. मी मासेमारीचं सगळ्यात बारीक तंगूस वापरलं, भद्रकालीत मिळतं, एक रीळ पुरतं. पंख जोडायच्या आधी पिन ड्रिलने सगळी भोकं पाडून घ्या, ०.३ ची ड्रिल, नंतर हात जात नाही. शंभरच्या पुढे तुकडे कापले असतील. एक टोक सुपर ग्लूने धरायचं, ते वाळलं की दुसरं ओढून चिकटवायचं, आणि मग पेटत्या अगरबत्तीचं टोक लांबूनच जवळ न्यायचं, तंगूस आकसून ताठ होतं. जास्त जवळ गेलं तर तुटतं. मुलीची बोटं बारीक असल्यामुळे मधल्या खणातल्या तारा तिनेच ओवल्या.

खांबांचा मात्र मनस्ताप आहे आणि ही या किटची खरी त्रुटी. खांबांची टोकं आणि पंखातल्या खाचा जुळत नाहीत, काही खांब लांब काही आखूड, वरचा पंख ठेवला की एका बाजूला झुकतो. सूचनांच्या कागदावर मोजमाप दिलेलं नाही, नुसता बाण. मी अंबडला टूलरूममध्ये काम करतो, सवय आहे, तर फोमशीटचे दोन ठोकळे बरोबर मापाचे कापले आणि पंखांच्या मध्ये ठेवून त्यावर वरचा पंख रात्रभर बसवला. ज्यांच्याकडे अशी सोय नाही त्यांनी वहीच्या पुठ्ठ्याचे ठोकळे केले तरी चालतील, पण ठोकळ्याशिवाय करू नका. एवढ्या पैशात कंपनीने एक साधं जिग, म्हणजे पंख मापात धरून ठेवणारा साचा, द्यायला पाहिजे होतं.

रंग. जुलै-ऑगस्टात नाशकात जो दमटपणा असतो त्यात स्प्रे प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा थर, पांढरट पडतो, माझा एक पंख वाया गेला होता, पूर्ण धुऊन परत मारला. पावसाळ्यात मारायचाच असेल तर दुपारी ऊन पडलं की मारा आणि लगेच आत आणा. डिकॅल्स, म्हणजे अंगावर चिकटवायची चित्रं, पातळ आहेत, चांगले बसतात. दोन पर्याय दिलेत, एक दिवसाच्या मोहिमांचा फिकट रंगाचा आणि एक रात्रीचा गडद, बहुकोनी नक्षीवाला. नक्षीचे डिकॅल्स लावायला दोन आठवडे जास्त लागतील, मी फिकट केला. एका विमानाच्या अंगावर लांब वळणांचा साप आहे, मुलीला तोच पाहिजे होता, तो लावला.

आणि इथे माझी सगळ्यात मोठी तक्रार. सूचनांच्या कागदावर विमानाचा इतिहास म्हणून आठ ओळी आहेत. वेग, उंची, इंजिन, बंदुका. हे विमान कुठे गेलं आणि त्याने काय केलं याचा एक शब्द नाही. मला हे बरोबर वाटत नाही, कारण लोक हे किट मुलांसोबत बनवतात.

गोथा इंग्लंडला जाण्यासाठीच उभं केलं होतं. बेल्जियममधल्या गेंटच्या आसपासची मैदानं, कॅप्टन ब्रँडेनबुर्ग यांची तुकडी, लोक तिला इंग्लंडगेश्वाडर म्हणजे इंग्लंडवाली तुकडी म्हणायचे. गेंट ते लंडन सरळ रेषेत पावणेतीनशे किलोमीटर, विमानाचा वेग ताशी १३०-१४०, म्हणजे नुसतं पोहोचायला दोन तास, उघड्या बैठकीत, चार हजार मीटरच्या वर. कळसूबाईच्या अडीचपट उंचीवर, थंडीत, तिथे हवा विरळ म्हणून ऑक्सिजनची नळी तोंडात धरून. २५ मे १९१७ ला २३ विमानं निघाली. लंडनवर ढग होते म्हणून ती वळली आणि किनाऱ्यावरच्या फोकस्टन गावावर बॉम्ब टाकले. शुक्रवारची संध्याकाळ, टॉन्टाइन स्ट्रीटवर भाजीच्या दुकानासमोर रांग लागलेली, बायका आणि लेकरं, कारण युद्धात बटाटे मिळेनात आणि त्या दिवशी आले होते. एक बॉम्ब बरोबर तिथे पडला. त्या दिवशी एकूण ९५ माणसं गेली. सायरन नव्हता, लोक तर वर बघून ती विमानं आपलीच समजत होते.

मग १३ जून, दिवसाढवळ्या लंडन. १६२ लोक मेले, ४३२ जखमी. पॉप्लर भागातल्या अप्पर नॉर्थ स्ट्रीट शाळेवर एक बॉम्ब पडला, छपरातून आत येऊन वरचे मजले फोडत तळमजल्यावर बालवर्गात फुटला. १८ मुलं गेली, त्यातली बहुतेक पाच-सहा वर्षांची. तिथल्या बागेत त्यांचं स्मारक आहे, वर देवदूत कोरलेला.

हे मी मुलीला सांगावं का नाही यावर आमच्या घरात चर्चा झाली. बायको म्हणली लहान आहे. नाना म्हणले साप लावला ना तिने, मग सांग. मी सांगितलं. तिने विचारलं, बॉम्ब टाकणारा तो नाकातला माणूस ना, त्याला वरून शाळा दिसली असेल का. मी म्हणलं चार हजार मीटरवरून छपरं दिसतात, शाळेचं छप्पर आणि गोदामाचं छप्पर सारखंच. ती काही बोलली नाही, उठून गेली, आणि दुसऱ्या दिवशी परत तारा ओवायला बसली.

पुढचं थोडक्यात सांगतो. ७ जुलैला पुन्हा लंडनवर दिवसा हल्ला झाला आणि तिथले लोक इतके चिडले की सरकारला हलावं लागलं. गंमत म्हणजे इंग्लंडच्या राजघराण्याचं नाव तेव्हा सॅक्स-कोबर्ग-गोथा होतं, त्याच गोथा गावावरून, आणि जर्मन नावाबद्दल लोकांत राग होताच, त्यात या विमानाचं नाव तोंडोतोंडी झालेलं, १७ जुलै १९१७ ला राजाने ते बदलून विंडसर केलं. सरकारने युद्ध मंत्रिमंडळातले जनरल स्मट्स यांना अहवाल करायला सांगितला, त्यांनी सुचवलं की हवाई दल लष्कर आणि नौदलापासून वेगळं करा, आणि त्यातूनच १ एप्रिल १९१८ ला रॉयल एअर फोर्स उभी राहिली. आपलं हवाई दल १९३२ साली त्याच धर्तीवर सुरू झालं. नाना म्हणले म्हणजे आमच्या ओझरच्या गेटपर्यंत याचा धागा येतो की. येतो.

लंडनमध्ये तेव्हा पोलीस सायकलवर गळ्यात पाटी अडकवून फिरायचे, आसरा घ्या असं लिहिलेली, आणि लोक भुयारी रेल्वेच्या स्टेशनांत जाऊन बसायचे. दिवसा तोफा आणि फायटर जास्त झाल्यावर गोथा रात्रीची यायला लागली, ३ सप्टेंबरला इंग्लंडमधल्या चॅटमच्या नौदल बराकीत झोपलेले १३० च्या वर खलाशी गेले. मग इंग्रजांची सोपविथ कॅमल ही फायटर विमानं पण रात्री उडायला शिकली. शेवटचा मोठा हल्ला १९ मे १९१८ च्या रात्री, ३८ गोथा निघाली आणि त्या रात्री इतकं नुकसान झालं की पुन्हा लंडनला ती आली नाहीत.

तर हे मी एका पोस्टकार्डाएवढ्या कागदावर लिहिलं, फोकस्टन आणि पॉप्लर, तारखा आणि आकडे, आणि स्टँडच्या लाकडाला खालून नाही तर समोरून चिकटवलं. दिवाणखान्यात शोकेसमध्ये ठेवलंय. येणारे आधी साप बघतात आणि मग वाचतात. एका पाहुण्यांना नाना टॉर्च घेऊन बोगदा दाखवत होते, त्यांनी मध्येच कार्ड वाचलं आणि विचारलं, हे खरंय का. मग त्यावर जेवण होईपर्यंत बोलणं चाललं.

मार्क द्यायचे तर आकार आणि बोगद्याला पैकीच्या पैकी, इंजिनांना चांगले, खांबांना नापास, सूचनांच्या कागदाला तर मी काहीच देणार नाही. दुकानाला पूर्ण. तंगूस, पुट्टी, ०.३ ची ड्रिल आणि दोन प्रायमरचे डबे धरून वरून हजारेक रुपये लागतील ते हिशोबात धरा.

गणपती झाल्यावर नाना स्वतः रिक्षाने दुकानात जाऊन आले, मला न सांगता. काकांना विचारलं की जी.५ मिळेल का, टाक्या आत घेतलेलं. पाचशे रुपये ॲडव्हान्स देऊन आलेत. काका म्हणलेत दिवाळीच्या आधी मुंबईहून मागवून देतो.